तीनशेचं पॅकेज, चौऱ्याण्णवचा वेग

नाशिकला इंदिरानगरात राहते आणि घरूनच लोकांची जीएसटी रिटर्नं भरून देते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास पोर्टल आधीच रडतखडत चालतं, त्यात आपलं इंटरनेट रेंगाळलं की जीव मेटाकुटीला येतो. म्हणून १०० एमबीपीएसचं पॅकेज सोडून ३०० चं घेतलं. पैसे कापले गेले, ‘आपला प्लॅन अपग्रेड झाला आहे’ असा मेसेज आला आणि लॅपटॉपवर वेग दिसला ९४. सकाळी ९४, भर दुपारी ९४, रात्रीही ९४.

त्या आकड्याचा छडा लावताना जे कळलं, ते पुढे आमच्या आणि शेजारच्या इमारतीतल्या बऱ्याच घरांत कामी आलं. सार इतकंच की, वेग कुठे अडलाय हे बहुतेक वेळा अडलेला आकडाच सांगतो. कंपनीच्या यंत्रणेपासून आपल्या फोनपर्यंत फायबर, स्प्लिटर, घरात फायबर ज्यात येऊन संपतं तो ओएनटीचा डबा, लॅनची तार, राऊटर, वायफाय आणि शेवटी खुद्द फोन, एवढे टप्पे आहेत. त्यात जो सगळ्यांत मंद, त्याचा वेग आपल्या पदरात पडतो. पॅकेज वाढवल्यावर कंपनीच्या टोकाची मर्यादा तेवढी वर सरकते. बाकीचे टप्पे होते तसेच राहतात. ते एकेक करून कसे तपासायचे, त्याचे हे अनुभवाचे बोल.

१. आधी एकक बघा, मग फोन फिरवा

पॅकेजचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि ब्राउझर फाइल उतरवताना मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ३०० ची लाइन पूर्ण ताकदीने चालली तरी डाउनलोडचा आकडा साडेसदतीसच्या वर जाणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशोबाला पक्के. ‘तीनशेचे घेतात आणि पस्तीस देतात’ म्हणून ते थेट ग्राहक मंचाची भाषा करत होते. त्यांची लाइन ठणठणीत होती. १ जीबीची फाइल अर्ध्या मिनिटात उतरत असेल, तर तीनशे पोचतायत असं खुशाल समजावं. तीच फाइल दीड मिनिट घेत असेल, तर पुढे वाचा.

२. पहिली मोजणी तारेवरच करा

पलंगावर पडून फोनवर केलेली स्पीड टेस्ट आपल्या घरातल्या वायफायबद्दल सांगते, कंपनीच्या लाइनबद्दल नाही. तेव्हा लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट राऊटरला जोडायचा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटं बाजूला ठेवायचे आणि मग मोजायचं. हल्लीच्या बारीक लॅपटॉपना लॅनचं पोर्टच नसतं. त्यासाठी यूएसबीचं अडॅप्टर मिळतं, पण घेताना ते गिगाबिटचं आणि यूएसबी ३ चं आहे ना ते बघून घ्या. दुकानात स्वस्तातली १०० ची अडॅप्टरंही मिळतात आणि ती लावली की नसलेला दोष दिसू लागतो.

टेस्टही दोन करा. ऊक्लाची स्पीडटेस्ट आपल्या जवळचा सर्व्हर निवडते आणि तो कित्येकदा आपल्याच इंटरनेट कंपनीकडे असतो. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सचं आहे, ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. पहिलीत २९० आणि दुसरीत ६० आले, तर घरातली तार आणि ओएनटी निर्दोष आहेत. अडचण कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या वाटेत आहे. दोन्हींत सारखाच कमी आकडा आला, तर शोध घराजवळ घ्यायचा.

आकडे लिहून ठेवा. आमच्याकडे कालनिर्णयाच्या मागे दुधाचा हिशोब असतो, त्याच्याच शेजारी सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने पाडले. तक्रार करायची वेळ आली तेव्हा तोच कागद कामाला आला.

३. ९३ ते ९५ वर काटा चिकटला, तर तार किंवा पोर्ट

सगळ्यांत जास्त घरांत हाच आकडा सापडतो, म्हणून इथे जरा थांबते.

लॅनची जुनी पद्धत सेकंदाला १०० मेगाबिटची, नवी गिगाबिटची म्हणजे हजाराची. १०० च्या जोडणीवर पूर्ण १०० कधीच मिळत नाहीत. माहिती तारेवरून लहान लहान पाकिटांत जाते. एक भरलेलं पाकीट तारेवर १५३८ बाइटची जागा खातं आणि त्यात आपल्या कामाचा मजकूर १४६० बाइट किंवा त्याहून किंचित कमी असतो. बाकीचे पत्ते, खुणा आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा. हे गुणोत्तर काढलं की ९४ च्या आसपास येतं. त्यामुळे ३०० च्या पॅकेजवर दिवसभर ९३ ते ९५ दिसत असतील, तर वाटेत कुठेतरी १०० ची जोडणी बसली आहे, हे जवळपास नक्की.

ती कुठे बसली आहे ते शोधायच्या जागा चारच. एक, ओएनटीचं पोर्ट. बऱ्याच ओएनटींना दोन पोर्टं असतात, त्यातलं एकच गिगाबिटचं. बारीक अक्षरात एकावर जीई आणि दुसऱ्यावर एफई लिहिलेलं असतं. एफई म्हणजे १०० चं. तार नुसती शेजारच्या भोकात सरकवली आणि वेग तिप्पट झाला, असं घर मी पाहिलं आहे. दोन, राऊटर. स्वस्त राऊटरच्या खोक्यावर वायफायचा आकडा ३०० किंवा १२०० असा ठळक छापलेला असतो, पण मागची पोर्टं १०० चीच असतात. तीन, खुद्द तार. चार, तारेच्या टोकाचं क्लिप.

आमच्याकडे गडबड निघाली चौथ्या जागी. ओएनटी हॉलमध्ये आहे आणि राऊटर आतल्या खोलीत. मधली तार फर्निचरच्या वेळी पॅनेलमागून नेलेली. लाइनवाला मुलगा आला, त्याने दोन्ही टोकांना टेस्टर लावला. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागायला हवेत. सातवा लागलाच नाही.

‘काकू, बघा, सात नंबर मेलाय. शंभरला तो लागतच नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही,’ तो म्हणाला.

यातली मेख अशी. लॅनच्या तारेत आठ बारीक तारा असतात. १०० च्या जोडणीला त्यातल्या चारच लागतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी, म्हणजे नारिंगी आणि हिरव्या जोड्या. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार सुटलेली असली, तर बहुतेक उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट चालू, दिवा हिरवा, कोणाला काही पत्ता नाही. १०० चं पॅकेज होतं तोवर या तुटक्या तारेने कोणाचं काही अडवलं नव्हतं. मोठं पॅकेज आलं आणि जुना दोष उघडा पडला. ‘अपग्रेड केल्यापासून बिघडलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा ते आधीच बिघडलेलं असतं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट उघडा. लिंक स्पीड १०००/१००० दिसला तर लॅपटॉप आणि समोरचं उपकरण यांच्यातली तार ठीक. १००/१०० दिसला तर दोष त्याच तुकड्यात. ओएनटीजवळ एकदा आणि राऊटरजवळ एकदा असं पाहिलं की कुठला तुकडा ते कळतं. त्या मुलाने दोन्ही क्लिपं कापून नवी क्रिम्प केली आणि काटा २८० च्या पुढे गेला. तार बदलावी लागलीच तर कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. घरातल्या अंतरांना दोन्ही पुरतात. तारेवर छापलेलं वाचा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

४. ९५ च्या वर, पण जुन्या पॅकेजवर अडलं, तर तारेला हात लावू नका

ही खूण सोपी आणि कामाची आहे. १०० च्या पोर्टमधून ९५ च्या वर काही जाऊच शकत नाही. त्यामुळे टेस्टमध्ये ९९, १०२ किंवा १०५ असे आकडे दिसले, तर तार आणि पोर्टं गिगाबिटची आहेत, हे सिद्ध झालं. मग अडवतंय कोण? कंपनीच्या यंत्रणेत आपल्या नावापुढे अजून जुनंच प्रोफाइल आहे. काही कंपन्या जाहीर वेगापेक्षा किंचित जास्त सोडतात, म्हणून १०० च्या पॅकेजवर १०५ दिसतात.

यावर पहिला उपाय म्हणजे ओएनटी आणि राऊटर दोन्ही बंद करून काही मिनिटांनी सुरू करणं. बऱ्याच ठिकाणी राऊटर नाव आणि पासवर्ड देऊन कंपनीकडे लॉगिन करतो आणि वेगाची मर्यादा त्या लॉगिनच्या वेळी ठरते. महिनोन्महिने बंद न केलेला राऊटर जुन्याच लॉगिनवर चालत राहतो. याने भागलं नाही तर कॉल सेंटरला एकच वाक्य सांगा: ‘नवीन प्लॅनचं प्रोफाइल लागलेलं नाही, रिफ्रेश करा.’ ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तिकडून ठरलेली प्रश्नोत्तरं सुरू होतात.

५. फायबर घरात आलंय की गच्चीवर थांबलंय, ते पाहा

जाहिरातीत फायबर असलं, तरी सगळीकडे ते घरापर्यंत येत नाही. जुन्या केबलवाल्यांच्या जाळ्यात फायबर इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली येतं. तिथे मीडिया कन्व्हर्टर आणि एक स्विच असतो आणि तिथून प्रत्येक घरी लॅनची तार उतरते. ओळखायचं कसं? घरात येणारी तार चिवट, बारीक आणि ओएनटीच्या डब्यात जाणारी असेल तर फायबर. जाड लॅनची तार सरळ राऊटरमध्ये शिरत असेल तर फायबर बाहेरच थांबलंय.

शेजारच्या इमारतीत हीच गोष्ट होती. स्विच १०० चा, त्यावर एका जिन्यातली सगळी कनेक्शनं. त्या घरांना कंपनीने ३०० चं पॅकेज विकलं काय आणि हजाराचं विकलं काय, स्विच बदलल्याशिवाय ९४ च्या पुढे कोणी जाणार नव्हतं. एकेकट्याने तक्रार केली की ‘माणूस पाठवतो’ एवढंच उत्तर मिळायचं. जिन्यातल्या सगळ्या घरांनी मिळून एक पत्र दिलं आणि सोसायटीच्या लेटरहेडवर अध्यक्षांची सही घातली, तेव्हा स्विच बदलला. घरातल्या दोषाला लाइनवाला पुरतो. इमारतीच्या दोषाला सोसायटीच लागते.

६. वायफायला दोन वाटा आहेत, कोणती धरलीय ते बघा

तारेवर पूर्ण वेग आणि फोनवर चाळीस-पन्नास, हे दृश्य असेल तर फोन बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर आहे. हा पट्टा दूर जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाटीवाटीच्या इमारतीत शेजारपाजारचे सगळे राऊटर या तिघांतच कोंबलेले असतात. मंगल कार्यालयात सगळे एकदम बोलू लागले की शेजारच्यालाही दोनदा सांगावं लागतं, तशी गत होते. शिवाय ब्लूटूथही इथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. दूध गरम करताना मुलीचा व्हिडिओ कॉल अडखळतो, यात योगायोग नाही.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि मोकळा. २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातला मोठा भाग घरगुती वायफायला विनापरवाना खुला केला. दोष एकच, भिंती त्याला मानवत नाहीत. एक विटांची भिंत ठीक, दोन काँक्रीटच्या भिंतींनंतर दम जातो.

अडचण अशी की पुष्कळ राऊटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि फोन आपल्या मर्जीने निवडतो. बाहेरून येताना जिन्यात जो २.४ पकडलेला असतो, तोच घरात आल्यावरही धरून ठेवतो. मी दोन्हींना वेगळी नावं दिली. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर. गीझरचा स्मार्ट प्लग, दारावरची घंटा असल्या बारीकसारीक गोष्टी २.४ वर. खर्च शून्य, फरक लगेच.

७. राऊटर दिसला पाहिजे

आपल्याकडे राऊटर लपवायची हौस फार. ‘तारा लोंबतात, हॉलचा शो जातो’ म्हणून तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात, चपलांच्या रॅकवर, नाहीतर माळ्यावर जातो. धातू आणि पाणी हे वायफायचे दोन वैरी. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, माशांची टाकी, यांच्या आड राऊटर ठेवला की पलीकडची खोली कोरडी पडते. घराच्या साधारण मध्यावर, खांद्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. पॅसेजची भिंत सगळ्यांत चांगली.

घर लांबलचक असेल तर एक्स्टेंडर घेण्याआधी विचार करा. साधा एक्स्टेंडर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. काड्या पाच दिसतात, माल अर्धा येतो. त्यापेक्षा लांबच्या खोलीपर्यंत लॅनची तार न्या आणि तिथे दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. रंगकाम किंवा फर्निचर निघालंच असेल तर तेव्हाच प्रत्येक खोलीत एक तार टाकून ठेवा. नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही, सुतार तर नाहीच नाही.

८. हातातल्या वस्तूचीही मर्यादा असते

सात-आठ वर्षं जुने स्वस्त फोन पुष्कळदा फक्त २.४ वरच चालतात. त्यांना ३०० दाखवणं राऊटरच्या हातात नाही. टीव्हीची गंमत तर उलटी आहे. तारेने वेग वाढतो म्हणून आपण टीव्हीला तार जोडतो, पण बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० चंच असतं. टीव्हीवर टेस्ट केली की पुन्हा तेच ९४. त्याने घाबरायचं कारण नाही, सिनेमाला तेवढे भरपूर होतात.

ऑफिसच्या लॅपटॉपवर टेस्ट करू नका. व्हीपीएन चालू असेल तर सगळी माहिती आधी ऑफिसच्या सर्व्हरला वळसा घालून येते आणि तुम्ही मोजता तो ऑफिसच्या वाटेचा वेग.

९. ‘किती डीबी येतंय?’ हे विचारायला शिका

लाइनवाला पॉवर मीटर लावतो तेव्हा आपण चहा टाकायला आत जातो. जाऊ नका. फायबरमधून येणारा प्रकाश किती, हे तो मीटर सांगतो. आकडा ऋणात असतो. उणे २० च्या आसपास असला तर निवांत. उणे २७ च्या जवळ किंवा त्याखाली असला तर ओएनटीला तो नीट वाचता येत नाही. दर तीन डीबी घसरले की प्रकाश निम्मा होतो, म्हणून २१ आणि २४ मध्ये ‘थोडासाच फरक’ नसतो.

मात्र कमजोर प्रकाशाची लक्षणं वेगळी. वेग एका आकड्यावर चिकटत नाही, लाइन मधूनच तुटते, पुन्हा येते, कधी लाल दिवा लागतो. कारणं बहुधा साधी असतात. टीव्हीमागे फायबर काटकोनात दुमडलेलं, सोफ्याखाली दबलेलं, पावसाळ्यात बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं किंवा खारीने कुरतडलेलं. कनेक्टरचे रंगही बघा. हिरव्याला हिरवाच, निळ्याला निळाच. दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात आणि हिरव्यात निळा खोचला तर बराच प्रकाश वाया जातो.

१०. रात्रीच मंद होत असेल, तर घर उकरू नका

कालनिर्णयावरच्या तीन रकान्यांचा खरा उपयोग इथे. सकाळी २९०, रात्री नऊ ते अकरा ११०, असं रोज होत असेल तर आपली तार किंवा राऊटर दोषी नाही. तारेला घड्याळ कळत नाही. जीपॉन पद्धतीत एका फायबरवर खाली येणारा साधारण २.५ गिगाबिटचा वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून एरवी भागतं. आयपीएलच्या दिवसांत भागत नाही. हे कंपनीने सोडवायचं आहे, आपण फक्त पुरावा द्यायचा.

फक्त परदेशातल्या साइट मंद असतील तर कारण आणखी दूर असू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, तेव्हा भारतातूनही काही सेवा रेंगाळल्या होत्या. त्याला नाशिकचा लाइनवाला काय करणार?

आणि महिनाअखेरीलाच वेग एकदम तळाला जात असेल तर एफयूपी पाहा. ‘अमर्यादित’ लिहिलेल्या प्लॅनलाही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या अनेक प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबी आहे. ती मर्यादा किती आणि ओलांडल्यावर वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचे आदेश दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ मध्येच दिले आहेत. तेव्हा विचारायला संकोच नको.

११. वर जाणारी वाटही मोजा

भावाकडे पुण्याला डाउनलोड उत्तम, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. ट्रिपहून आले की घरातले सगळे फोन एकदम फोटो क्लाउडवर चढवायला लागायचे, जोडीला दारातला कॅमेरा चोवीस तास चित्रण वर पाठवायचा. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडही अडखळतं. कारण खाली आलेल्या माहितीची पोच वर द्यावी लागते आणि ती पोचही रांगेत उभी राहते. राऊटरच्या ॲपमध्ये कोणतं उपकरण किती ओढतंय ते दिसतं. फोटोंचा बॅकअप रात्री लावला, कॅमेरा हालचाल झाली तरच पाठवेल असा केला आणि भावाच्या मीटिंग सुरळीत झाल्या. पॅकेज घेताना अपलोडचा आकडा स्वतंत्र विचारा, सगळीकडे तो डाउनलोडइतका नसतो.

१२. तक्रार आकड्यांत करा आणि नंबर घेऊन ठेवा

‘फार स्लो आहे हो’ याला उत्तर ‘राऊटर रिस्टार्ट करा’ हेच येणार. त्याऐवजी ‘गिगाबिट लिंकवर, तारेने, राऊटर रिस्टार्ट करून, तीन वेळा मोजलं, रोज रात्री ११० येतात’ असं म्हटलं की समोरच्याला ठरलेल्या प्रश्नोत्तरांची पहिली पाच पानं सोडून पुढे जावं लागतं. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. लाइनवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला मेसेज ओळखीखातर ठीक, पण तो तक्रार म्हणून कुठे नोंदला जात नाही.

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीतच दोन पायऱ्या आहेत: आधी तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील प्राधिकारी आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. बहुतेकांना इथवर जावं लागत नाही. पण ही वाट आपल्याला ठाऊक आहे, हे बोलण्यातून कळलं तरी माणूस लवकर येतो.

१३. मोठं पॅकेज हा शेवटचा उपाय

नेटफ्लिक्स ४के चित्राला १५ एमबीपीएस सुचवतं आणि फुल एचडीला ५. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. चार माणसांच्या घरात दोन टीव्ही, दोन मीटिंग आणि एक डाउनलोड एकदम चाललं तरी नीट पोचणाऱ्या १०० मध्ये ते बसतं. ३०० किंवा ५०० ची खरी गरज रोज मोठ्या फायली हलवणाऱ्यांना आहे: व्हिडिओ एडिटिंगवाले, आर्किटेक्ट, मोठाले गेम उतरवणारी मुलं. वर १८ टक्के जीएसटी धरा. पॅकेजमध्ये महिन्याला ३०० रुपयांचा फरक असेल तर तो ३५४ पडतो, वर्षाचे चार हजारांच्या वर. तेवढ्यात चांगला गिगाबिट राऊटर येतो, जो पाच वर्षं टिकतो.

परवा जाऊबाईंचा फोन होता. आतल्या खोलीत नातवाचा क्लास अडतो, २०० चं घेऊ का, असं विचारत होत्या. मी त्यांना हॉलमध्ये राऊटरला तार लावून मोजायला सांगितलं. तारेवर १०० पैकी ९४ आले, म्हणजे लाइन आपलं काम चोख करत होती. आतल्या खोलीत १२ येत होते. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. त्यांनी २०० घेतले असते, तर हॉलमध्ये कदाचित १९० दिसले असते आणि नातवाच्या खोलीत तेच १२ राहिले असते. आता त्या खोलीपर्यंत तार टाकायला माणूस बोलावलाय, पॅकेज आहे तेच ठेवलंय.